पाच संतांच्या खुर्च्या

११ फेब्रुवारी

आज गाडी धुतली. चेसारिया गेली त्या आठवड्यापासून ती दारात तशीच उभी होती. दक्षिणेच्या वाऱ्याने आणलेली लाल धूळ काचेवर इतकी बसली होती की कुणीतरी बोटाने तिच्यावर क्रूस काढला होता. तो पुसायला मन होईना. शेवटी पुसला.

आम्ही आठ वर्षं पाहुण्यांना फिरवलं. म्हणजे फिरवलं तिने, मी गाडी चालवली. ती त्यांना घेऊन बेकरीत जायची, चीजवाल्याच्या गोठ्यात जायची, आमच्याच गल्लीतल्या मिमिनामावशीच्या स्वयंपाकघरात पास्ता वळायला बसवायची. मी बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो. पाहुण्यांना वाटायचं मी पगारी ड्रायव्हर आहे. एकीने तसं विचारलंही, तेव्हा चेसारिया म्हणाली, "नवरा आहे. पण गाडी बरी चालवतो."

लेच्चेच्या ज्या कंपनीकडून पाहुणे येतात तिथल्या लोरेदानाचा दुपारी फोन आला. "सिन्योर पांतालेओ, तुम्हाला आत्ता त्रास देऊ नये हे कळतं मला. पण वसंतातल्या सहलींची यादी छापायला जातेय. तुमची ठेवू की काढू?"

"ठेवा," मी म्हणालो. का म्हणालो ते मलाच कळलं नाही. घरात दिवस संपत नाही, एवढंच कारण असेल.

१७ फेब्रुवारी

कोणती ठिकाणं ठेवायची हे ठरवायला एकटाच फिरून आलो. चेसारियाचं ठरलेलं असे. पाहुणे फोनवर काहीतरी बघून यायचे आणि ती सरळ सांगायची, हे नको, ते नको, तिथे तुमची दुपार फुकट जाईल. हायवेवरच्या मोठ्या तेलाच्या घाण्यावर तिने कधीच कुणाला नेलं नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. तेल चांगलंय, म्हणाली, पण तिथे मला कुणी विचारत नाही की तुझी आई कशी आहे.

आज तिथे गेलो. मोठं वाहनतळ, स्वच्छ संडास, काचेच्या छोट्या पेल्यांत चाखायला तेल. कुणी काही विचारलं नाही. मला उलट बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

पहिले पाहुणे. मिलानचे नवरा-बायको. मी त्यांना हायवेच्या घाण्यावर नेलं.

बाईंनी गाडीतून उतरताना विचारलं, "इथे थांबण्यात काही अर्थ आहे ना? की उगीच?"

"आहे," मी म्हणालो.

चेसारिया असती तर म्हणाली असती, "पार्किंग उत्तम आहे," आणि गाडी पुढे न्यायला लावली असती. बाईंनी तेलाचे दोन डबे घेतले. ते गाडीत ठेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मिमिनामावशीकडे नेलं, पण दारातूनच त्यांना आत पाठवलं. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "तू कुठे चाललास?"

"गाडीत."

"गाडी काय पळून जाणार आहे?" ती म्हणाली. पण आत पाहुणे होते, ती परत गेली.

२७ फेब्रुवारी

लोरेदानाने मिलानच्या पाहुण्यांचा अभिप्राय वाचून दाखवला. गाडी स्वच्छ होती. गाईड बोलत नाही.

"तुमच्यावर राग नाही हो माझा," ती म्हणाली. "पण आता लोकांना नुसतं बघायचं नसतं. त्यांना बसायचं असतं. टेबलाशी, घरातल्या माणसांबरोबर. तुमच्याकडे असं काही आहे का? नसेल तर मला यादीत जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

बघतो म्हणालो.

१ मार्च

मिमिनामावशी आली. हातात झाकलेलं भांडं. चेसारिया गेल्यापासून कुणी ना कुणी असं भांडं घेऊन येतं. भांडी कुणाची ते मला आता आठवत नाही, सगळी एकावर एक रचून ठेवली आहेत.

तिने खुर्चीत बसून आधी इकडचं तिकडचं काढलं, मग म्हणाली, "पांतालेओ, या वर्षी तुझ्या घरी मेज नको."

मेज म्हणजे संत जोसेफाचं मेज. सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चेसारियाने नवस केला होता: हा घरी परत आला तर हा जगेल तोवर दर एकोणीस मार्चला पाच संतांचं मेज मांडीन. तेव्हापासून दर वर्षी गल्लीतली पाच माणसं संत होऊन आमच्या घरी बसत. दोनातो गवंडी जोसेफ, मिमिनामावशी मारियामाता, बाकीचे तीन जसे मिळतील तसे. मी त्या दिवशी मागच्या खोलीत असे. खुर्च्या उचल, पाणी भर, एवढंच माझं काम.

"नवस आहे, मावशी," मी म्हणालो.

"शोकाच्या घरात वर्षभर कढई चढत नाही, हे मी तुला सांगायला पाहिजे का?"

"मग नवसाचं काय?"

"नवसाचं संत जोसेफ बघेल. तू जेवलास का?" मग उठता उठता म्हणाली, "तो चण्याचा मोठा तांब्याचा हंडा दे जरा. मला लागणार आहे."

दिला. ती गेल्यावर मात्र मन खट्टू झालं. चेसारियाला जाऊन किती दिवस झाले? माणसं वस्तू मागायला लागली.

नवस माझ्या जगण्यासाठी होता आणि मी जगतोय. तो मोडला तर मी कुणाच्या नावावर जगणार?

५ मार्च

दोनातो येऊन मेजाच्या लाकडी घोड्या घेऊन गेला. "भिंत रंगवायची आहे," म्हणाला. दोनातोने बायकोच्या हजार टोमण्यांनीही कधी स्वतःच्या घराची भिंत रंगवलेली नाही.

"फळ्याही नेऊ का?" त्याने विचारलं.

"ने. उद्या दरवाजा काढून न्यायला ये."

तो हसला, पण लगेच थांबला. "तुझी तब्येत बरी आहे ना रे?" त्याने विचारलं. त्याने घोड्या आणि फळ्या खांद्यावर घेतल्या आणि गेला.

६ मार्च

लोरेदानाचा फोन. डेन्मार्कचे पाच जण येणार आहेत, सगळे निवृत्त. त्यांनी वाचलंय की आमच्याकडे संत जोसेफाची मेजं मांडतात. ती बघायला कुणालाही येता येतं, दारं उघडीच असतात, बघणाऱ्याला पावाचा तुकडाही मिळतो. हे सगळं मी तिला सांगितलं.

"बघायला तर ते कुठल्याही गावात जातील," ती म्हणाली. "त्यांना बसायचंय. कुणी बसवणार नाही, मी चौकशी केली. तुमच्याकडे मेज असतं असं तुमच्या मिसेस एकदा म्हणाल्या होत्या. त्यांनाही मी हेच सुचवलं होतं."

"ती काय म्हणाली?"

"हसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी मला सुट्टी असते."

मला वाटतं, चेसारियाच्या डोक्यात ही कल्पना नीट गेलीच नसेल. ती कामाच्या गडबडीत असायची.

मी हो म्हणालो. इथे खरं लिहायला हरकत नाही. यादीतून नाव जाईल ही भीती होती, पण तेवढीच नाही. त्या दिवशी घरात एकट्याने बसायचं माझ्या अंगावर आलं होतं. पाच खुर्च्या भरतील, नवस पुरा होईल, कढईही चढणार नाही, कारण तळलेलं सगळं मी लेच्चेहून मागवणार आहे. सगळं बसतं. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धूत होतो.

१२ मार्च

मिमिनामावशी पुन्हा आली. या वेळी चेसारियाचं भरतकामाचं मेजाचं कापड मागितलं. पांढरं, काठाला गव्हाच्या ओंब्या. तिने आणि मावशीने मिळून एका हिवाळ्यात भरलं होतं.

"ते खराब झालंय," मी म्हणालो. "कसरीने खाल्लं."

"कसरीने?"

"भोकं पडलीत."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "तिच्या कपाटात लव्हेंडर असायचं," ती म्हणाली. "बरं. असू दे."

ते कापड मी आतल्या खोलीत पलंगावर इस्त्री करून पसरून ठेवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. तिने बघितलं नसावं.

१८ मार्च

संध्याकाळी फादर गल्लीतून मेजांना आशीर्वाद देत फिरले. मी दिवा न लावता बसलो. आमच्या दाराशी ते थांबले असावेत, कारण घंटी वाजवणारा क्षणभर थांबला. मग पुढे गेले. मिमिनामावशीच्या घराकडे बरीच माणसं बोलत होती, तिच्याकडे कुणी पाहुणे आले असतील.

चेसारियाच्या उशाशी लूर्दच्या पवित्र पाण्याची बाटली होती. त्यातलं थोडं मी मेजावर, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर, शिंपडलं. माझ्या हातून शिंपडलेलं चालतं की नाही, माहीत नाही.

२० मार्च

कालचं आज लिहितो आहे.

डेन्मार्कची मंडळी कंपनीच्या गाडीने वेळेवर आली. तीन बायका, दोन पुरुष. सगळ्यांच्या गळ्यात कंपनीचे निळे बिल्ले, ते काढायचे नाहीत असा लोरेदानाचा नियम आहे. पौल नावाच्या उंच गृहस्थांना जोसेफाच्या खुर्चीत बसवलं, कारण तेच सगळ्यांत मोठे दिसत होते. मारियामातेच्या खुर्चीत इंगे नावाच्या बाई. पूर्वी शाळेत शिकवायच्या. बसण्याआधी त्यांनी मला विचारलं, "दर वर्षी इथे कोण बसतं?"

"शेजारी," मी म्हणालो.

"मग आज ते कुठे आहेत?"

मी पाव आणायला आत गेलो.

मेज दिसायला बरं होतं. मोठे कड्यासारखे पाव, प्रत्येकाच्या मधोमध संत्रं. काबुली चणे आणि पास्ता, व्हिनेगरमधले कडू रानकांदे, खारवलेला मासा, मध घातलेल्या शेवया. जोसेफाने काठी जमिनीवर आपटली की एक पदार्थ संपतो आणि दुसरा येतो, हे मी त्यांना समजावलं. पौल यांना ते फार आवडलं. त्यांनी दोन घास होताच काठी आपटली, मग पुन्हा आपटली, मंडळी हसली. त्यांचा बिल्ला चण्यांच्या ताटात बुडाला, तो काढताना वाइनचा पेला कापडावर सांडला. ओंब्यांवर.

तेवढ्यात दार ढकलून मिमिनामावशी आत आली. अंगावर चर्चला जायचा काळा कोट. मागे दोनातो, त्याच्या हातात लिलीची फुलं बांधलेली काठी. त्याच्या मागे गल्लीतले पंधरा-वीस जण. मला न्यायला आले होते. हे मला नंतर कळलं, पण त्या क्षणीही कळलंच होतं, कारण दोनातोची काठी माझ्या दिशेने पुढे आलेली होती आणि तशीच अर्ध्यात राहिली.

मावशीने मेज बघितलं. कापड बघितलं. गळ्यातले बिल्ले एकेक करून बघितले. दोनातोने बोलायला तोंड उघडलं, तेव्हा तिने त्याच्या कोटाची बाही धरली. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाटसरू बसवलेत त्याने. माझ्या आजीच्या वेळी असंच करायचे. ओळखीचं कुणी नको, रस्त्याने जाणारे. आपण विसरलो होतो."

पुरुषांनी टोप्या काढल्या.

संत जेवायला बसले की त्यांना उठवायचं नाही आणि बघणाऱ्यांनी बोलायचं नाही. ती सगळी माणसं भिंतीला लागून उभी राहिली. ऐंशीच्या पुढची माणसं होती त्यांत. पौल यांचं हसू गेलं. त्यांनी काठी हळूच टेकवली, मावशीने मान डोलावली, तेव्हा मी पुढचं ताट आणलं. इंगेबाईंनी मान वाकवून हळूच आपला बिल्ला काढला आणि मांडीवर रुमालाखाली ठेवला. त्यांचा घास तोंडापर्यंत जात नव्हता. मी ताटं आणत होतो आणि नेत होतो, आणि प्रत्येक वेळी त्या माणसांच्या समोरून जावं लागत होतं.

जेवण संपल्यावर मावशीने पाची जणांसमोर जाऊन त्यांच्या पावाचं चुंबन घेतलं. तोच रिवाज आहे. मग मला म्हणाली, "यांना गाडीपर्यंत सोड आणि ये. चणे थंड होतायत."

तिच्या घरात दुसरं मेज होतं. आमच्या घोड्या, आमच्या फळ्या, आमचा हंडा. वर साध्या पांढऱ्या चादरी जोडून अंथरलेल्या. सगळं तसंच्या तसं वाट बघत होतं. जोसेफाची खुर्ची रिकामी होती.

"बस," दोनातो म्हणाला.

"ती तुझी आहे."

"या वर्षी मी जोआकिम, मारियामातेचा बाप. दाढी कमी लागते." त्याने लिलीची काठी माझ्या हातात दिली.

"मला नाही बसता येणार, दोनातो. तुला माहीत नाही मी..."

"काठी वाजव," मिमिनामावशी मारियामातेच्या खुर्चीतून म्हणाली. "तू वाजवल्याशिवाय कुणाला घास घेता येत नाही."

मी बसलो. काठी वाजवली. कधी वाजवायची ते मला माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं मागच्या खोलीत होतो. दर वेळी मावशी मेजाखालून पायाने खूण करत होती. चण्यांना चेसारियाच्या हातचीच चव होती. दर वर्षी ते मावशीच शिजवायची की मावशीकडूनच चेसारिया शिकली होती, हे मी कधी विचारलंच नाही.

मावशी भाबडी आहे. तिला खरंच वाटलं ते वाटसरू होते.

२२ मार्च

लोरेदाना खूश. पाहुण्यांनी लिहिलंय की आजवरच्या प्रवासात असं काही पाहिलं नाही. "ती उभी राहिलेली माणसं," ती म्हणाली, "ती कमाल होती म्हणे. पुढच्या वर्षी दोन गट घेऊ या का? ती माणसं दोन्ही वेळा येतील ना?"

"ते शेजारी आहेत."

"हो, तेच. त्यांच्याशी बोलून ठेवा."

एका पाहुणीने काहीच लिहिलेलं नाही, म्हणाली. ती कोण ते मी विचारलं नाही.

मी लोरेदानाला सांगितलं की एकोणीस मार्चला मला सुट्टी असते. तिला वाटलं मी तारीख बदलून मागतोय. तिला पुन्हा सांगावं लागलं. मग म्हणाली की यादीचं ती नंतर बघेल.

२३ मार्च

गावात माझं कौतुक चाललंय. आज फादर रस्त्यात थांबून म्हणाले, वाटसरूंना बसवलंस म्हणे. ते असं म्हणत असताना माझ्याकडे न बघता बुटाकडे बघत होते, ते थकलेले असावेत. पलीकडच्या गल्लीतल्या बाईने विचारलं, पुढच्या वर्षी आम्हीही परके बसवू का. मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

मावशीला सांगायला दोनदा गेलो. पहिल्या वेळी तिने माझ्या हातात सोलायला वाटाण्याच्या शेंगा दिल्या आणि स्वतःच बोलत राहिली. दुसऱ्या वेळी मी दारातच सुरुवात केली, "मावशी, ते पाच जण..."

"थंडी लागली असेल बिचाऱ्यांना," ती म्हणाली. "त्या शिकवणाऱ्या बाईला मी मफलर द्यायला पाहिजे होता. ते कापड आण. डाग जुना झाला की निघत नाही. आणि कसरीची भोकंही बघून ठेवते."

मी कापड आणून दिलं. तिने ते उजेडात धरलं, चारी कोपरे बघितले, घडी घातली. मला जमीन फाटावी असं वाटलं. कापडाचं खोटं तिला कळलं, आता खुर्च्यांचं कळायला कितीसा वेळ. आणि कळेल तेव्हा तिला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं असेल.

२४ मार्च

सकाळी बेकरीत रांग होती. माझ्या पुढे दोनातो, त्याच्या पुढे मिमिनामावशी, मागे अर्धी गल्ली. काउंटरवरच्या वीताने मला बघून म्हटलं, "या जोसेफबाबा. वाटसरूंचा पाव वेगळा ठेवू का?"

ती चेष्टा करत होती, सगळे हसले. मावशी हसली नाही.

मी रात्रभर ठरवलं असं काही नव्हतं. पण तोंडातून निघालं. "ते वाटसरू नव्हते," मी म्हणालो. "ते पाहुणे होते. कंपनीचे. मी चेसारियाच्या नवसाच्या खुर्च्या विकल्या."

माझा आवाज असा कधी इतक्या माणसांत निघालेला नाही. भट्टीचा पंखा चालू होता तेवढाच ऐकू येत होता. वीता हातात पाव घेऊन उभी होती. मी खाली बघत होतो. कुणीतरी बाहेर जाईल, किंवा मला जायला सांगेल, असं वाटत होतं.

"माहीत आहे," दोनातो म्हणाला. मागे वळलाही नाही. "गळ्यात एवढाले बिल्ले होते. एकाचा तर चण्यांत."

मी मिमिनामावशीकडे बघितलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिचे कान लाल झाले होते.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"आंधळ्या कार्मेलाला नव्हतं," मागून कुणीतरी म्हणालं. "तिला आम्ही सांगितलं."

मग मावशीने पर्स मिटली. "मी तिथे म्हातारपणी खोटं बोलले," ती म्हणाली, "आणि हा इथे बेकरीत उभा राहून माझं खोटं उघडं पाडतोय. जरा तरी लाज बाळगावी माणसाने."

"वाटतेय, मावशी," मी म्हणालो.

"वाटू दे."

तिने आपला पाव घेतला आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. जाताना तिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली, जशी ती रस्त्यात कुणाचीही करते.

रांग तशीच थांबलेली होती. दोनातो काउंटरजवळून बाजूला झाला.

"झालं ना सांगून?" तो म्हणाला. "मग पुढे सरक. लोकांना कामं आहेत."

मी पुढे सरकलो.